कुस्तीविद्या आणि मराठी ग्रंथकार

निवडणूक असो, भाऊबंदकी असो की साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद असो, मराठी माणूस तिचे वर्णन करू लागला की त्याच्या जिभेवर आखाड्यातले शब्द येतात. कोणी कोणाला चितपट करतो, कोणी पेचात धरतो, कोणी धोबीपछाड देतो, कोणी शड्डू ठोकून उभा राहतो. आणि लढत आतून ठरलेली असली तर तिला नुरा कुस्ती म्हणून आपण मोकळे होतो. ज्या भाषेने एका विद्येचा शब्दसंग्रह इतक्या मुक्तहस्ताने उसना घेतला, तिने त्या विद्येचे ऋण ग्रंथरूपाने कितपत फेडले आहे, हा प्रश्न आमच्या टीकाकारांना फारसा पडलेला दिसत नाही. कुस्तीवरील लेखन म्हणजे वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठाचा विषय, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत बाजूला ठेवून मल्लविद्येविषयीच्या ग्रंथांचा वाङ्मयीन विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विचाराची कसोटी एकच ठेवतो : वृद्ध वस्ताद आपल्या पठ्ठ्याला प्रतिस्पर्ध्यास खाली घेण्याचा डाव शिकवितो, त्या शिकविण्याचा किती अंश कागदावर उतरला आहे?

ही कसोटी आम्ही मुद्दामच निवडली. खाली घेणे आणि चीत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आखाड्याबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. १९१० साली लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा मल्ल झबिस्को यांची जी प्रसिद्ध लढत झाली, ती याचे उत्तम उदाहरण होय. लढत 'कॅच ॲज कॅच कॅन' या पद्धतीची होती. म्हणजे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात वाढलेली, जेथे सापडेल तेथे धरण्याची मुभा देणारी कुस्ती. गामाने झबिस्कोला आरंभीच खाली घेतले. परंतु तो धिप्पाड गडी पालथा पडून मातीला चिकटल्यासारखा राहिला आणि अडीच तासांहून अधिक काळ झटूनही त्याची पाठ गामाला लावता आली नाही. लढत बरोबरीत सुटली. पुढे १९२८ साली पतियाळा येथे दोघे पुन्हा भेटले, तेव्हा मात्र एका मिनिटाच्या आत निकाल लागला. पहिल्या लढतीत खाली घेण्याची क्रिया साधली, पण तिच्या पोटातून पुढची क्रिया निघाली नाही. दुसऱ्या लढतीत दोन्ही क्रिया एकच झाल्या. वस्ताद जे शिकवितो ते हेच. पाडणे हा शेवट नसून ती एका वाक्याची सुरुवात आहे, आणि वाक्य कोठे संपणार हे ठाऊक असल्याशिवाय त्याचा पहिला शब्द उच्चारू नये, ही त्याची शिकवण असते.

आता ग्रंथांकडे वळू. या विषयाचा मागोवा घेताना आम्हां बेंगळूरकरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट प्रथमच समोर येते. मल्लविद्येचे सविस्तर वर्णन करणाऱ्या जुन्या ग्रंथांतील अग्रगण्य असा 'मानसोल्लास' आजच्या कर्नाटकाच्या भूमीवर, कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचला गेला. त्याचा कर्ता सोमेश्वर तिसरा हा राजा. त्याचे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ग्रंथ संस्कृत आहे. तथापि मराठीच्या आरंभकाळाचा शोध घेणाऱ्यांना त्यातील देशी भाषांतील गीतांच्या तुकड्यांमुळे तो केव्हाच परिचित झालेला आहे. त्यातील 'मल्लविनोद' या प्रकरणात मल्लांचे वय, अंगकाठी आणि बळ यांवरून पाडलेले वर्ग आहेत, त्यांचा आहार आहे, आणि वजन उचलणे, चालणे, पोहणे, खांबावर मेहनत करणे असे श्रमांचे प्रकारही आहेत. एवढे असूनही ग्रंथाचा दृष्टिकोन त्याच्या नावातच उघड होतो. मल्लविनोद हा राजाच्या अनेक विनोदांपैकी एक विनोद आहे. राजा सिंहासनावर बसून पाहतो. मल्ल कसा पोसावा, कोणाशी भिडवावा, हे त्याला नेमके ठाऊक आहे. सिंहासनावरून मल्लाची पाठ दिसते, छाती दिसते. पण प्रतिस्पर्ध्याच्या मानेवर टेकलेल्या तळव्याला जे कळते ते तेथून दिसत नाही. हा ग्रंथकाराचा दोष म्हणता येणार नाही. तो पोशिंद्याचा ग्रंथ आहे, आणि पोशिंद्याला जे हवे ते त्यात आहे.

याच्या उलट बाजूचा ग्रंथ म्हणजे 'मल्लपुराण'. गुजरातेतील मोढेरा परिसरातील ज्येष्ठीमल्लांचे, म्हणजे परंपरेने कुस्ती हाच व्यवसाय करणाऱ्या ज्ञातीचे, हे पुराण. म्हैसूरच्या राजवाड्यात विजयादशमीला वज्रमुष्टीची लढत करणारे जेट्टी याच ज्येष्ठींच्या नात्यातले, असे अभ्यासक मानतात. दसऱ्याला येथून म्हैसुरास जाणाऱ्या आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ती लढत, रक्ताचा पहिला थेंब दिसताच थांबणारी, पाहिलीही असेल. मल्लपुराण हे सिंहासनावरून लिहिलेले नाही, मातीवरून लिहिलेले आहे. आखाडा कसा सिद्ध करावा, कोणत्या ऋतूत काय खावे, कोणता मल्ल कोणत्या प्रकारचा, याची त्यात तपशीलवार मांडणी आहे. तथापि ज्ञातीचा ग्रंथ हा ज्ञातीसाठीच असतो. डावाचे नाव घेतले की वाचणाऱ्याला तो ठाऊक आहे हे तो गृहीत धरतो. वाचणारा त्या घरात जन्मलेला नसेल तर नाव हाती राहते आणि डाव निसटतो.

या दोन्ही ग्रंथांचे मुद्रण बडोद्यास झाले, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. 'मानसोल्लास' गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकर यांच्या संपादनाने तीन खंडांत निघाला. त्याचा पहिला खंड १९२५ सालचा. 'मल्लपुराण' त्याच मालेत १९६४ साली आले. आणि मराठीत या विषयावर जो सर्वांत मोठा उद्योग झाला तोही बडोद्यासच. तो म्हणजे दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश'. १९३६ ते १९४९ या काळात तो निघाला. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि जुम्मादादांच्या आखाड्याची, प्राध्यापक माणिकरावांची परंपरा डोळ्यांसमोर असल्याने त्या नगरीत शरीरविद्येला जी प्रतिष्ठा लाभली, तिचे हे फळ होय. मराठी मुलखाबाहेर राहून मराठीची सेवा कशी करावी याचा याहून ठळक दाखला आम्हांस ठाऊक नाही.

ज्ञानकोशाची योग्यता मोठी आहे आणि ती आम्ही प्रथम मान्य करतो. त्याच्या संपादकाने कुस्तीला पुराणातून बाहेर काढले. भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती आणि जरासंधी हे कुस्तीचे परंपरागत चार प्रकार सांगून थांबण्याचा मोह आमच्या बहुतेक लेखकांस आवरत नाही. हा कोश तेथे थांबत नाही. तो छायाचित्रांचा आधार घेतो. दोन गडी समोरासमोर उभे करून पकड कोठे, पाय कोठे, हे तो डोळ्यांना दाखवितो. जे केवळ सांगोवांगी चालत आले होते त्याला त्याने स्थिर रूप दिले.

परंतु हे स्थिर रूपच त्याची मर्यादा ठरते. डाव ही स्थिती नव्हे, गती आहे. छायाचित्रात दिसतो तो डावाचा आरंभ किंवा शेवट; मधला जो क्षण, ज्यात सर्व विद्या साठविलेली असते, तो दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत नाहीसा होतो. आणि चित्रातील दुसरा गडी आज्ञाधारक असतो. तो पाडून घेण्यासाठीच उभा असतो. आखाड्यातला प्रतिस्पर्धी तसा नसतो, हे सांगणे नको.

आमचे म्हणणे एका उदाहरणाने स्पष्ट करतो. एकेरी पट हा खाली घेण्याचा अगदी साधा डाव. खाली बसून प्रतिस्पर्ध्याचा पुढचा पाय गुडघ्यामागून दोन्ही हातांनी कवटाळावा, खांद्याने रेटावे, पाय ओढावा, की गडी खाली आला. कोशातील वर्णन याहून फार निराळे असण्याचे कारण नाही, आणि ते खोटेही नाही. पण या वर्णनाबरहुकूम जो पट काढावयास जाईल तो दहांपैकी नऊ वेळा तोंडघशी पडेल. कारण वस्ताद पट शिकविण्यास पायापासून आरंभ करीतच नाही; तो मानेपासून आरंभ करतो. खडाखडीत प्रतिस्पर्ध्याची मान खाली खेचावयाची. कोणाचीही मान खाली खेचली की तो स्वभावतःच ती वर उचलतो, आणि मान वर उचलताना कंबर सरळ होते, भार टाचांवर जातो, आणि पुढचा पाय क्षणभर अनाथ होतो. पट त्या क्षणाचा आहे. त्याआधी काढला तर प्रतिस्पर्ध्याचा सगळा भार आपल्या पाठीवर येतो. नंतर काढला तर पाय तेथे नसतोच. शिवाय बसावयाचे ते गुडघ्यांतून, कमरेतून वाकून नव्हे. नजर वर, डोके त्याच्या बरगड्यांशी भिडलेले, छाती मांडीला चिकटलेली. हात सर्वांत शेवटी. नवशिका हात प्रथम पुढे करतो, म्हणून त्याचा बेत दुरून वाचता येतो.

एवढ्यावरही वस्तादाचे शिकविणे संपत नाही. पटाची तोड सर्वांस ठाऊक असते : पाय झपाट्याने मागे टाकावयाचे आणि अंगाचा भार पट काढणाऱ्याच्या पाठीवर द्यावयाचा. पण जो असा पुढे भार देतो त्याने आपली मान आणि हात स्वतः होऊन पुढे केलेले असतात, आणि मग तो ढाकेला सापडतो. दंड खेचून, मानेला कव घालून, कंबर आत घुसवून त्याला पलीकडे टाकता येते. म्हणजे पट आणि ढाक हे दोन डाव नसून एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. कलाजंगाचेही तसेच. दंडाखालून शिरून, दुसरा हात मांडीत घालून गड्याला खांद्यांवर आडवा उचलण्याचा हा डाव, पटाला घाबरून जो हात फार खाली ठेवतो त्याच्यासाठी राखलेला असतो. कोशात हे डाव अकारविल्हे वा क्रमांकाने स्वतंत्र उभे राहतात. वस्तादाच्या मनात ते नातेवाईकांसारखे एकमेकांच्या घरी येत-जात असतात. कोशाने आम्हांस शब्दसंग्रह दिला. व्याकरण दिले नाही. आमच्या टीकेचे सार या एका वाक्यात आहे.

ललित वाङ्मयाने ही उणीव भरून काढली आहे काय? व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यात तालीम आहे. किंबहुना गावाने श्रमदानाने तालीम उभारणे आणि राजेसाहेबांनी तिच्या उद्घाटनास येणे हा त्या कादंबरीच्या मध्यभागी असलेला आनंदाचा प्रसंग आहे. पुढे दुष्काळाने गाव रिकामे होते आणि उभारलेल्या इमारतीचा अर्थच पालटतो. गावाच्या सामुदायिक जीवनात तालमीचे स्थान काय, हे याहून कमी शब्दांत आणि याहून अधिक परिणामकारकपणे कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. पण ती भिंतींची तालीम आहे; आत काय शिकविले जाते याच्याशी कादंबरीला कर्तव्य नाही, आणि नसावे हेच योग्य. दोष आहे तो ज्यांना कर्तव्य असावयास हवे होते त्यांचा. मल्लांची जी चरित्रे व स्मरणलेख आपणांकडे लिहिले जातात, त्यांचा साचा ठरून गेला आहे : बालपणीचे दारिद्र्य, दुधाचे शेर, बदामांचे वजन, हजारो जोर आणि बैठका, मग मैदानांची यादी, आणि प्रत्येक मैदानाच्या शेवटी विजेच्या चपळाईने मारलेला डाव. विजेची चपळाई हे वर्णन नव्हे. वर्णन टाळण्याची ती युक्ती आहे.

खाशाबा जाधवांच्या बाबतीत हे विशेष खटकते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीस त्याने कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारतास वैयक्तिक खेळात लाभलेले ते पहिले पदक. त्यांना पैसे कसे जमवावे लागले, सरकारदरबारी कशी उपेक्षा झाली, हे सारे आपण वारंवार लिहितो, आणि ते लिहिलेच पाहिजे. पण मातीत वाढलेला हा माणूस लंडनमध्ये गादीवर उतरला तेव्हा त्याच्या पायांना काय वाटले असेल? मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत दम धरून वाट पाहता येते, गादीवर घड्याळ आणि गुण वाट पाहू देत नाहीत. मातीत लांगेला वा जांघियाला हात घालून कित्येक डाव करता येतात, गादीवर ती पकडच निषिद्ध. लंडनला जाण्यापूर्वी त्यांना रीस गार्डनर या परदेशी शिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. कॅच पद्धतीतूनच ऑलिंपिकची मुक्त कुस्ती निघालेली. तेव्हा कोल्हापूरच्या मातीतला पट आणि त्या शाखेतला पायावरचा हल्ला यांची भेट त्या शिकवणीत कशी झाली, कोणता डाव तसाच राहिला, कोणता बदलावा लागला, हा खरा चरित्राचा गाभा. त्यावर आपणांकडे मोठमोठी विशेषणे सापडतात. परिच्छेद सापडत नाही.

इतर भाषांत काय घडले ते पाहू. जोसेफ ऑल्टर या मानववंशशास्त्रज्ञाने काशीच्या आखाड्यांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९९२ साली प्रसिद्ध झाला. पहिलवानाचे शरीर, ब्रह्मचर्य, दूध-तूप, मारुतीची उपासना, गुरुशिष्यभाव यांचा समाजाच्या अंगाने इतका साक्षेपी विचार एका परक्याने करावा आणि आपण कोल्हापूरविषयी तो करू नये, ही आम्हांस लाज वाटण्याजोगी गोष्ट आहे. खासबागेसारखे मैदान शाहू महाराजांनी ज्या नगरीत बांधले, जेथे गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींची नावे विद्यापीठांच्या नावांसारखी उच्चारली जातात, त्या नगरीचा तसा ग्रंथ मराठीत व्हावयास हवा होता. तरीही आमच्या कसोटीवर ऑल्टरचा ग्रंथही अर्धाच उतरतो. आखाडा स्वतःकडे कसा पाहतो हे तो सांगतो. आखाड्यात पट कसा शिकवितात हे सांगणे त्याचे प्रयोजन नाही.

लँकेशायरातील कॅच कुस्तीची कथा अधिक बोधप्रद आहे. विगन या कोळशाच्या खाणींच्या गावी बिली रायली या वस्तादाची तालीम होती. 'सापांचे बीळ' या अर्थाच्या नावाने ती ओळखली जाते. खाणी बंद पडल्या, कुस्ती हा तमाशा झाला, आणि ती विद्या त्या गावात जवळजवळ संपली. वाचली ती दोन कारणांनी. एक, त्या तालमीत शिकलेले कार्ल गॉच आणि बिली रॉबिन्सन यांच्यासारखे मल्ल जपानात गेले आणि तेथे त्यांनी शिष्य घडविले. दुसरे, त्यांनी बोलून व लिहून ठेवले. रॉबिन्सनचे आत्मचरित्र २०१२ साली, त्याच्या मृत्यूपूर्वी दोन वर्षे, निघाले आणि त्याच्या नावातच त्याने कुस्तीला शरीराचे बुद्धिबळ म्हटले आहे. या मंडळींनी आपल्याकडचे जोर आणि बैठका आनंदाने उचलल्या आणि दूरदेशी रुजविल्या, हे विशेष. ज्यांनी आमची मेहनत नेली त्यांच्याकडून आम्ही नोंद ठेवण्याची सवय घेतली नाही, एवढाच फरक.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सुज्ञ वाचक म्हणतील, ही विद्या लिहिण्याची नव्हेच; ती अंगाने अंगाला द्यावयाची. वस्ताद पठ्ठ्याची मान हाताने दाबतो तेव्हा जे सांगितले जाते ते कोणत्या शब्दांत मांडणार? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते जेवढे दिसते तेवढे नाही. सत्तरी ओलांडलेला वस्ताद स्वतः डाव मारून दाखवू शकत नाही. गुडघे गेलेले असतात, खांदा उतरलेला असतो. तो हौद्याच्या कडेला बसतो आणि दोन पोरे झुंजत असताना बोलतो. बस. मान वर. खेच. आता नको. सोड. त्याची सगळी विद्या आता त्याच्या डोळ्यांत आणि या तोकड्या आज्ञांत उरलेली असते. म्हणजे शरीराने ज्या विद्येची साथ सोडली ती भाषेच्या आश्रयाने राहिलेली आहे. मग ती भाषेत मांडता येत नाही हे म्हणणे कसे टिकावे? त्या आज्ञांतील शेवटचा 'सोड' हा शब्द तर आम्हांस एखाद्या ग्रंथाच्या तोलाचा वाटतो. पट हुकला आहे, आता हट्टाने धरून राहिलास तर तूच जाशील, तेव्हा सोड आणि पुन्हा उभा राहा. डाव कसा धरावा हे सांगणारी पुस्तके थोडी तरी आहेत. डाव केव्हा सोडावा हे सांगणारे एकही आमच्या पाहण्यात नाही.

संगीताचे उदाहरण या आक्षेपाचे उत्तर देते. घराण्यांच्या बंदिशी कंठातच राहाव्यात, कागदावर आल्या की त्यांचा प्राण जातो, असे भातखंड्यांच्या काळीही म्हटले जात होते. त्यांनी उस्तादांच्या पायऱ्या झिजवून बंदिशी मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत छापल्या. ती पुस्तके वाचून कोणी गवई झाला नाही, हे खरे. पण त्या पुस्तकांविना कित्येक बंदिशी त्यांच्या शेवटच्या गायकाबरोबर गेल्या असत्या, हेही तितकेच खरे. स्वरलिपी गाणे शिकवीत नाही. गाणे शिकविणाऱ्याच्या हाताशी ती राहते. मराठी कुस्तीला अद्याप तिचे भातखंडे भेटावयाचे आहेत.

दुसरा आक्षेप वस्तादांच्या बाजूचा. वस्ताद सगळे डाव शिकवितो, पण एक राखून ठेवतो, ही म्हण आपण कौतुकाने सांगतो. हिचा पूर्वज फार जुना आहे. इसवी सन १२५८ मध्ये रचलेल्या 'गुलिस्तान'मध्ये सादीने अशा एका मल्लाची कथा सांगितली आहे. त्याला तीनशे साठ डाव येत होते आणि त्याने आपल्या लाडक्या शिष्यास तीनशे एकोणसाठ शिकविले. शिष्य उन्मत्त होऊन राजासमोर गुरूशी भिडला, तेव्हा गुरूने राखलेल्या त्या एका डावाने त्याला उचलून आपटले. कथा चातुर्याची म्हणून सांगितली जाते. आम्ही तिचा थोडा हिशेबी विचार करतो. प्रत्येक वस्ताद एक डाव राखील आणि प्रत्येक शिष्य पुढे वस्ताद होईल, तर तीनशे साठ पिढ्यांनंतर हातात शड्डू तेवढा उरेल. आणि प्रत्यक्षात इतक्या पिढ्याही लागत नाहीत. पूर्वी वस्तादाला शिष्याचे भय होते म्हणून डाव राखला जाई. आज शिष्यच येत नाही म्हणून तीनशे साठही राहून जातात.

आमच्या या बेंगळुरात ही गोष्ट डोळ्यांसमोर दिसते. शहाजीराजांनी १६३८ नंतर ज्या नगरात आपले ठाणे केले, तेथील जुन्या पेठेच्या गल्ल्यांतून कन्नडमध्ये ज्याला 'गरडी मने' म्हणतात अशा तालमी होत्या आणि काही अद्याप आहेत. बुटके दार, आत तांबडी माती, कोनाड्यात मारुती, भिंतीशी टेकलेल्या मुद्गलांच्या जोड्या. कोल्हापूरचा माणूस आत गेला तर त्याला परके वाटणार नाही. भाषा मात्र मिसळलेली ऐकू येईल. डावाला येथे 'पट्टू' म्हणतात, कुस्तीला कुस्तीच, आणि वस्तादाला उस्ताद. कन्नड, मराठी, दखनी उर्दू आणि तेलुगू यांच्या सरमिसळीतून घडलेली ही बोली एकट्या भाषेची नाही, म्हणून कोणत्याच भाषेचा कोशकार तिच्याकडे फिरकला नाही. सीमेवरही हीच कथा. पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे. १९५९ साली त्यांनी तो मान मिळविला, कोल्हापूरच्या मातीत ते घडले, आणि २०२० साली ते गेले. भाषिक सीमेवरून आपण सत्तर वर्षे भांडत आहोत. त्या सीमेच्या दोन्ही अंगांना एकच पट काढला जातो, याची नोंद मात्र कोणी केली नाही.

आता गादीचा प्रसार झाला आहे आणि तो अटळ आहे. गादीवरच्या शिक्षकाला डाव येतात, पण त्यांची नावे इंग्रजी असतात. मुलगा तोच कलाजंग मारतो आणि त्याला कलाजंग म्हणत नाही. यात विद्येचे नुकसान नसेल. भाषेचे निश्चित आहे. कारण नावाबरोबर नात्यांची ती सगळी मांडणी जाते : कोणता डाव कोणाची तोड, कोणता कोणाचा जोडीदार, कोणता कोणत्या वस्तादाचा हुकमी. आणि मग धोबीपछाड हा शब्द केवळ वृत्तपत्राच्या मथळ्यात उरेल, ज्याने तो कधी पाहिला नाही अशा माणसाने, ज्याने तो कधी पाहणार नाही अशा माणसासाठी लिहिलेला.

ग्रंथ कसा असावा, हे सांगितल्याशिवाय टीकाकाराची सुटका नाही. आम्हांस दहा खंड नकोत. एका वस्तादाचा, वीस डावांचा ग्रंथ पुरे. प्रत्येक डावाखाली पाच गोष्टी असाव्यात : तो कोणत्या स्थितीत सुचतो, प्रतिस्पर्ध्याच्या अंगाची कोणती खूण दिसली की करावा, त्याची तोड कोणती, ती तोड झाल्यास पुढे कोणत्या डावावर जावे, आणि तो केव्हा सोडावा. सहावी गोष्ट, शक्य असेल तेथे, तो कोणाकडून आला. भाषा वस्तादाची असावी. संपादकाने ती शुद्ध करण्याच्या भरीस पडू नये. चलच्चित्राची सोय आता प्रत्येकाच्या खिशात आहे, पण चित्र बोलत नाही. हौद्याच्या कडेला बसलेल्या माणसाचे बोलणे त्याच्या बरोबरीने टिपले तरच मधली कोरी जागा भरेल.

हे काम कोणी करावे? श्रीगोंदेकर आणि मुजुमदार यांनी आपापली कामे मराठी मुलखाबाहेर राहून केली, हे आम्ही वर मुद्दामच नोंदविले. आमच्या वाचकांत बदलीच्या नोकरीवर असलेले अधिकारी पुष्कळ आहेत. आज बेंगळूर, उद्या बडोदे, परवा इंदूर किंवा हैदराबाद. जेथे जातील तेथे जुनी पेठ असते, पेठेत तालीम असते, आणि तालमीत बहुधा एक वृद्ध गृहस्थ असतो ज्याच्याकडे आता फारसे कोणी येत नाही. नोंद ठेवणे, साक्ष लिहून घेणे, एकाच्या तोंडचे दुसऱ्याशी ताडून पाहणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांना या कामासाठी वेगळी विद्वत्ता मिळवावी लागत नाही. एक वही, एक रविवार आणि त्या गृहस्थास नमस्कार करण्याइतकी नम्रता एवढे भांडवल पुरते. कुस्तीवरच्या पुढच्या मराठी ग्रंथाचे परीक्षण लिहिताना आम्ही खुराकाचे आकडे वाचणार नाही. पहिल्या डावाचे पान उघडू आणि 'सोड' हा शब्द त्यात कोठे आला आहे ते पाहू.